तेल गेलं, बिल राहिलं

चारकोपची आखणी झाली तेव्हा मोटारींचा विचार कुणी फारसा केला नव्हता. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे छोटे भूखंड पाडले, मधे अंगण ठेवून सोसायट्या केल्या आणि घर बांधायचं काम ज्याच्या त्याच्यावर सोपवलं. त्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले आणि आता सेक्टरांच्या रस्त्यांकडेला हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्याही उभ्या दिसतात. गाडी घेताना शोरूममध्ये आणि सोसायटीच्या कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं: "हिला मेंटेनन्सच नाही. ना ऑइल, ना फिल्टर." मग फ्री सर्व्हिसिंग संपतात, पैसे भरायचं पहिलं बिल हातात येतं आणि त्यावर सात-आठ ओळी असतात. इंजिनच नसलेल्या गाडीच्या सर्व्हिसिंगला एवढे कसले, असा प्रश्न तिथे पडतो.

थोडक्यात सांगायचं तर पेट्रोल गाडीचं सर्व्हिसिंग हे मुख्यतः बदलण्याचं काम असतं आणि इलेक्ट्रिक गाडीचं तपासण्याचं. बदललेली वस्तू डोळ्यांना दिसते, तपासणी दिसत नाही. त्यामुळे बिल वाचणं अवघड होतं आणि त्यात काय खपवलं गेलं हेही कळत नाही. दुसरी गोष्ट अशी, की या गाडीची झीज किलोमीटरपेक्षा कॅलेंडरवर जास्त चालते. चारकोपातून मेट्रो स्टेशन, अंधेरीचं ऑफिस आणि रविवारची एखादी फेरी एवढीच धाव असलेल्या गाडीला हे नीट लागू पडतं.

आधी काय गेलं ते पटकन पाहू. इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सायलेन्सर हे सगळं गेलं. पीयूसीची रांगही गेली. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देण्याची आणि त्याच्या नूतनीकरणाची फीही माफ केली. हे खरे फायदे आहेत आणि शोरूमवाला त्याबद्दल खोटं बोलत नाही.

मेंटेनन्स शून्य हे मात्र कधीच खरं नव्हतं. २००१मध्ये बंगळूरहून रेवा नावाची चिमुकली विजेची गाडी आली. तिच्यात लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. त्यांना ठरावीक काळाने डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागे आणि काही वर्षांनी सगळा संच बदलावा लागे. लिथियमच्या बॅटरीने ती कटकट संपवली. जुलै २०१९मध्ये ह्युंदाई कोना आणि जानेवारी २०२०मध्ये एमजी झेडएस व टाटा नेक्सॉन या गाड्या आल्यावर विजेची गाडी मध्यमवर्गीय घरात शिरली. नेक्सॉन तर पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी. या गाड्यांची मोठी बॅटरी सीलबंद असते आणि तिच्यात आपण काही घालायचं नसतं. पण तिच्याभोवतीचं सगळं इतर मोटारींसारखंच आहे: चार टायर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी, वायपर. शिवाय दोन-तीन गोष्टी नव्या आहेत.

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण समुद्राकाठच्या उपनगरात गंमत तिथेच आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटरचं काम करू लागते, गाडी मंदावते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. याला रीजेन म्हणतात. चारकोपच्या कारडेपोतून निघणाऱ्या मेट्रो गाड्या हेच करतात, फक्त त्यांची वीज डोक्यावरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेत परत जाते. परिणामी कारचे ब्रेक पॅड पेट्रोल गाडीच्या मानाने पुष्कळ जास्त टिकतात. इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. पॅड डिस्कवर घासले गेले नाहीत, तर डिस्कवर बसलेला गंज पुसला जात नाही. आपल्या पश्चिमेला कांदळवन, त्यापलीकडे खाडी, हवा वर्षभर दमट आणि खारी. गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतो. रोज ब्रेक वापरणाऱ्या गाडीत तो पहिल्या सिग्नललाच जातो. रीजेनवर चालणाऱ्या गाडीत तो साचत राहतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडून अडकतात, पॅड एका बाजूने झिजतो आणि न वापरलेला ब्रेक बदलायची पाळी येते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत धूळ आणि ओल आतच राहते.

उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, रीजेन कमीत कमी ठेवायचं आणि पाच-सहा वेळा पायाचा ब्रेक नीट दाबायचा. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चाकं काढून ब्रेक साफ करून पिनांना ग्रीस लावून घ्यायचं. जॉब कार्डवर 'ब्रेक क्लीनिंग' अशी ओळ दिसली तर चारकोपकराने ती खोडू नये. पुण्याच्या कोरड्या हवेतल्या माणसाने एखाद वर्षी खोडली तर चालेल.

ब्रेक ऑइल हे कॅलेंडरचं पक्कं गिऱ्हाईक. गाडी चालो न चालो, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खोल जातं. घाटात उतरताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रीजेन जवळपास बंद होतं, कारण वीज ठेवायला जागाच नसते, आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. म्हणजे कसाऱ्याच्या घाटाआधी शंभर टक्के चार्ज करून निघालेल्या माणसाला चांगलं ब्रेक ऑइल हवंच. बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. मुंबईत ही मुदत ओलांडू नये.

आता बारा व्होल्टची बॅटरी. बॉनेटखाली किंवा मागे, नेहमीच्या गाडीत असते तशीच एक छोटी बॅटरी इथेही असते आणि रस्त्यात अडकलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या गोष्टींमागे पुष्कळदा हीच निघते. मोठी बॅटरी तीनशे-चारशे व्होल्टची असते. सुरक्षेसाठी गाडी बंद असताना ती बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते. मधे कॉन्टॅक्टर नावाचे दणकट स्विच असतात आणि ते ओढून धरायला बारा व्होल्ट लागतात. छोटी बॅटरी मेली की कॉन्टॅक्टर लागत नाहीत, स्क्रीन उजळत नाही, दारंही अडून बसतात. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी तिजोरी भरलेली आणि किल्ली विहिरीत अशी अवस्था. गाडी चालू असताना मोठी बॅटरीच एका कन्व्हर्टरमधून छोटीला चार्ज करते. म्हणून फार उभी राहणारी गाडी छोट्या बॅटरीला जड जाते, आणि डॅशकॅम, ट्रॅकर असली बाहेरून बसवलेली उपकरणं तिला रात्रभर चाटत राहतात. तिचं आयुष्य साधारण तीन-चार वर्षं धरावं. सर्व्हिसिंगच्या वेळी टेस्टर लावून निघालेला आकडा जॉब कार्डवर लिहून घ्यावा. नवी बाजारात चार ते सात हजारांत येते आणि हे काम शेजारचा बॅटरीवालाही करू शकतो. मात्र माप आणि प्रकार पुस्तिकेत दिलेलाच हवा.

कूलंट हा या गाडीतला सगळ्यात गैरसमज झालेला पदार्थ. इंजिन नाही तर कूलंट कशाला, असं वाटतं. पण बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर आणि चार्जर हे सगळे तापतात. बहुतेक गाड्यांत त्यांच्याभोवती कूलंट फिरतं. बॅटरी फारच तापली तर हे कूलंट एसीच्या गॅसने थंड केलं जातं. म्हणजे मे महिन्यात तुमचा एसी नीट चालणं ही बॅटरीचीही गरज असते. या कूलंटचं मंडल बंद असतं, त्यामुळे पातळी खाली जायला नको. प्रत्येक वेळी 'कूलंट टॉप-अप' असं बिलात येत असेल तर पैशांची तक्रार नंतर करा, आधी गळती शोधायला सांगा. आणि गॅरेजवाल्याने प्रेमाने नळाचं पाणी ओतू नये. काही गाड्यांचं कूलंट वीज कमीत कमी वाहून नेईल असं मुद्दाम बनवलेलं असतं आणि नळाच्या पाण्यातले क्षार नेमकं तेच बिघडवतात.

एसीबाबत आणखी एक बारीक पण महागडी गोष्ट. पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत त्याला स्वतःची मोटर असते, ती उच्च दाबाच्या विजेवर चालते आणि गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलात तीही न्हात असते. म्हणून या तेलातून वीज वाहता कामा नये. ते पीओई प्रकारचं असतं. साध्या गाड्यांत बहुधा पीएजी तेल असतं. नाक्यावरच्या दुकानात गॅस भरायचं मशीन आधीच्या गाडीचं पीएजी तेल पोटात घेऊन उभं असतं. त्यातलं थोडं जरी तुमच्या गाडीत गेलं तरी विजेचा बंदोबस्त, म्हणजे इन्सुलेशन, ढिला पडतो. गाडीचा संगणक सतत हा बंदोबस्त मोजत असतो. आकडा घसरला की तो गळती समजून चेतावणी देतो, कधी गाडी चालूच होऊ देत नाही. दोन हजारांच्या गॅसपायी कॉम्प्रेसर बदलायची वेळ येऊ शकते. एसीचा गॅस हे काम मी तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर करायला सांगणार नाही. केबिन फिल्टर मात्र खुशाल घरी बदला. ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तीनशे ते नऊशे रुपयांत मिळतो आणि लिंक रोडच्या धुळीत वर्षभरात काळाकुट्ट होतो.

मोटरला गिअरबॉक्स नाही असं म्हणतात तेही अर्धसत्य. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, ते कमी करायला एकाच गतीचा गिअरसंच असतो आणि त्यात तेल असतं. ते तपासायचं, सीलमधून झिरपत नाही ना पाहायचं आणि पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला बदलायचं. दरवेळी नाही.

टायर हा या गाडीचा खरा खर्च. बॅटरीमुळे वजन वाढलेलं, पाय टेकताक्षणी पूर्ण जोर चाकात, आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते. नेक्सॉनच्या मापाचा, २१५/६० आर१६चा टायर सात ते दहा हजारांत मिळतो. आठ हजार धरून चार टायरचे बत्तीस हजार झाले आणि ते चाळीस हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे ऐंशी पैसे एकट्या टायरचे. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत तेच टायर पंचवीस हजारांत संपतात. म्हणून रोटेशन आणि अलाइनमेंट यांवर कंजुषी करू नये. पण ती कंपनीच्याच सेंटरमध्ये करावी असंही नाही. चांगल्या टायरवाल्याकडे तेच काम तेवढंच नीट होतं. फक्त गाडी उचलताना त्याच्याजवळ उभं राहायचं. या गाडीच्या पोटाला सपाट बॅटरी असते आणि जॅक लावायच्या जागा कडेला नेमून दिलेल्या असतात. सवयीने मधे कुठेतरी जॅक लावला की बॅटरीचा पत्रा दबतो आणि तो दबलेला पत्रा पुढे वॉरंटीच्या वादात पुरावा म्हणून तुमच्याच विरुद्ध उभा राहतो.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते. गाडी टाकली की अ‍ॅडव्हायझर जॉब कार्ड उघडतो, किलोमीटर लिहितो, तक्रारी विचारतो. आत गेल्यावर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप किंवा टॅब लागतो. नोंदले गेलेले दोष वाचले जातात, बॅटरीतल्या सेलचे व्होल्टेज एकमेकांशी जुळतात का ते दिसतं आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर नवं चढतं. हे काम तासभर चालू शकतं आणि बाहेर बसलेल्या मालकाला वाटतं गाडीला कुणी हातच लावला नाही. मग गाडी लिफ्टवर. बॅटरीच्या पेटीला खड्ड्याचा किंवा स्पीडब्रेकरचा घाव आहे का, उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलच्या क्लिपा जागेवर आहेत का, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड खिळखिळे झालेत का, हे पाहायचं. आपल्याकडे यात उंदीर-घुशींची भर घालावी लागते. अंगणात उभ्या गाडीची वायर कुरतडायला त्यांना इंजिनची ऊब लागत नाही. नारिंगी केबलवर दाताची खूण दिसली तर तिथे टेप चालत नाही, केबलच बदलावी लागते.

या नारिंगी केबलींमुळेच मजुरी महाग आहे. त्यांना हात लावण्याआधी तंत्रज्ञ गाडीचा सर्व्हिस प्लग काढतो, कपॅसिटरमधली वीज उतरायला काही मिनिटं थांबतो, मीटरने शून्य झाल्याची खात्री करतो आणि हजार व्होल्टसाठीचे रबरी हातमोजे घालतो. असा प्रशिक्षित माणूस प्रत्येक सेंटरमध्ये असतोच असं नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेताना "ईव्हीचा टेक्निशियन त्या दिवशी आहे का?" एवढं विचारून घ्यावं. नाहीतर गाडी दोन दिवस नुसती धुऊन उभी राहते.

बिलाकडे येऊ. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण बिलाचा बांधा असाच असतो. समजा मजुरी १,८००, ब्रेक ऑइल बदलणं ९००, केबिन फिल्टर ५००, वॉशर लिक्विड ६०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००. बेरीज ४,४६०. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८०३ रुपये. एकूण ५,२६३. मजुरीवर आधीपासूनच अठरा टक्के होते. सुट्या भागांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून अठ्ठावीसवरून अठरावर आला, तेव्हा जुन्या एस्टिमेटची आज तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा. गाडी घेताना लागलेला पाच टक्के जीएसटी सर्व्हिसिंगला लागत नाही. पुष्कळजण इथे फसतात.

मग अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, एसी डिसइन्फेक्शन टाकू का? इंटिरिअर क्लीनिंग? आणि आपल्याकडे समुद्राची हवा ना, अंडरबॉडी कोटिंग करून घ्या." बाराशे, पंधराशे आणि साडेचार हजार. त्यावर कर धरून जवळपास साडेआठ हजार. म्हणजे मूळ सर्व्हिसिंगपेक्षा वरकड कामं महाग. पूर्वी सेंटरची कमाई ऑइल आणि फिल्टरवर होत असे, ती या गाडीत गेली आणि तिची जागा फवाऱ्यांनी व पॉलिशने घेतली, यात आश्चर्य नाही. अ‍ॅडव्हायझरलाही टार्गेट असतं. त्याच्यावर रागावण्यापेक्षा एकच विचारावं: "हे कंपनीच्या शेड्यूलमध्ये आहे का?" पुस्तिकेतलं पान मोबाइलवर काढून ठेवलं असेल तर उत्तर पटकन मिळतं. अंडरबॉडी कोटिंगबाबत मात्र मी ठाम नकार देणार नाही. खाऱ्या हवेत सस्पेन्शनच्या लोखंडाला ते उपयोगी आहे. पण ते तीन-चार वर्षांतून एकदा, आणि बॅटरीच्या पेटीवर, तिच्या हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर किंवा नारिंगी केबलींवर फवारा जाणार नाही अशा बेताने. फ्री सर्व्हिसिंगमध्ये 'फ्री' फक्त मजुरी असते, वस्तूंचे पैसे लागतात, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

आता कॅलेंडरचा हिशेब. काही कंपन्या साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा महिने, काही दहा हजार किंवा वर्ष, यांतलं जे आधी होईल ते असा नियम ठेवतात. चारकोपातली गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालली तर वर्षाला सहा हजार. सहा महिन्यांच्या नियमात ती वर्षातून दोनदा सेंटरला जाईल. एका फेरीला चार हजार धरले तर वर्षाला आठ हजार, म्हणजे किलोमीटरमागे एक रुपया तेहतीस पैसे. युनिट दहा रुपयांचं आणि एका युनिटमध्ये सात किलोमीटर धरले तर विजेचा खर्च एक रुपया त्रेचाळीस पैसे. सर्व्हिसिंग जवळपास विजेइतकंच! जास्त चालणाऱ्या गाडीत हा भार पातळ होतो, कमी चालणाऱ्या गाडीत तो डोळ्यात येतो. तरीही पेट्रोल गाडीच्या नुसत्या इंधनाला शंभर रुपये लिटर आणि बारा किलोमीटरच्या हिशेबाने सव्वाआठ रुपयांच्या आसपास लागतात, त्यामुळे तक्रारीचा सूर फार चढवू नये. गाडी कमी चालणार असेल तर घेतानाच सहा महिन्यांचा नियम आहे की वर्षाचा, हे विचारून घ्यावं. ब्रोशरमधल्या रेंजपेक्षा हा प्रश्न तुमच्या खिशाच्या जास्त जवळचा आहे.

यातली एखादी फेरी चुकवली तर? बहुतेक कंपन्या मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी देतात. नेक्सॉनला सुरुवातीपासून आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी होती. अलीकडे काही कंपन्या 'लाइफटाइम' वॉरंटी देऊ लागल्या आहेत, पण ती पहिल्या मालकापुरती असते आणि गाडी विकली की अटी बदलतात. अटींमध्ये वेळेवर सर्व्हिसिंगची नोंद हवी असते. बॅटरीची क्षमता किती खाली गेल्यावर दावा मान्य होतो तो आकडाही पुस्तिकेत असतो. पुष्कळ ठिकाणी तो सत्तर टक्के आहे. म्हणून वर्षातून एकदा बॅटरीच्या क्षमतेचा रिपोर्ट छापून मागावा. लोखंड-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्यांत हा आकडा कधी कधी फसवा येतो, कारण अर्धी भरलेली असताना त्यांचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं आणि गाडीला अंदाज चुकतो. अधूनमधून सावकाश शंभर टक्के चार्ज केली की सेल समतोल होतात आणि अंदाज सुधारतो. रिपोर्ट काढायच्या आदल्या रात्री हे करून जावं.

कंपनीच्या सेंटरबाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का, या प्रश्नाला इतिहास आहे. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देऊन त्या ग्राहकाला बांधून ठेवतात, असा तो ठपका होता. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. हे सगळं योग्यच. पण उच्च दाबाच्या विजेचं काम करू शकणारी बाहेरची गॅरेजं अजून फार कमी आहेत. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत किंवा लिंक रोडवर टायर, वायपर, बुश, शॉकअप, छोटी बॅटरी ही कामं निर्धास्त करा आणि पावत्या जपा. नारिंगी केबल, कूलंट आणि एसी गॅस ही तीन कामं वॉरंटी असेपर्यंत तरी कंपनीकडेच द्या. सेंटरशी बिलावरून वाद झालाच तर बदललेला जुना भाग मागून घ्यायचा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची.

विम्यातही एक अनपेक्षित गोष्ट आहे. थर्ड पार्टीचे दर पेट्रोल गाडीला इंजिनच्या सीसीवर आणि विजेच्या गाडीला मोटरच्या किलोवॅटवर ठरतात. जून २०२२पासूनच्या दरांत हजार ते पंधराशे सीसीच्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत. तीस ते पासष्ट किलोवॅटच्या इलेक्ट्रिक गाडीला २,९०४, म्हणजे टियागो ईव्हीवाला फायद्यात. पण पासष्टच्या वर गेलं की थेट ६,७१२. नव्वदच्या वर किलोवॅट असलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या मालकाला बाराशे सीसीच्या पेट्रोल नेक्सॉनपेक्षा जवळजवळ दुप्पट भरावे लागतात. वर्षाच्या खर्चात हे धरायला विसरू नका.

राहता राहिला पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून मुंबईकर गाडी घेताना आधी पाण्याबद्दल विचारतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या बॅटऱ्या आयपी६७ दर्जाच्या असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा तपासलेल्या. पण ती तपासणी नव्या पेटीची असते. पाच वर्षं खड्डे खाल्लेल्या, सील जुनी झालेल्या पेटीची नसते, आणि बॅटरी वाचली तरी सीटखालच्या वायरिंगला कुठलाच दर्जा नसतो. पाणी फरशीपर्यंत आलं असेल तर गाडी चालू करून बघायची नाही आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. विमा कंपनीला कळवायचं आणि रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना पहिलं वाक्य "फ्लॅटबेड पाठवा" हेच बोलायचं. हुकाने ओढून नेली तर चाकं फिरतात, चाकांबरोबर मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज तयार करते, जी त्या क्षणी कुणालाच नको असते. आता फ्लॅटबेड चारकोपच्या आतल्या गल्लीत वळत नाही. त्यामुळे गाडी माणसाच्या चालीने ढकलत सेक्टरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत आणावी लागते आणि न्यूट्रल पडायला पुन्हा छोट्या बॅटरीत जीव हवा. ती मेली असेल तर न्यूट्रल हाताने कसं सोडवायचं, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पान पाऊस सुरू होण्याआधी वाचून ठेवा.